वाहत्या नदीत विरघळणारी पिशवी

तळ्यात मासे गरवणाऱ्याला एक सोय असते. मूठभर चारा जिथे टाकला, तिथेच तो खाली जाऊन बसतो. नदीत ही सोय नाही. साधा हिशोब मांडून बघा. समजा पाणी दोन मीटर खोल आहे, धार सेकंदाला अर्धा मीटर पुढे सरकतेय आणि चाऱ्याचा दाणा सेकंदाला दहा सेंटिमीटर बुडतोय. दाण्याला तळाशी टेकायला वीस सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात तो दहा मीटर खाली वाहून गेलेला असेल. गळ मात्र शंभर ग्रॅमच्या शिशाबरोबर जवळजवळ सरळ खाली गेलेला असतो. म्हणजे जेवण एकीकडे आणि गळ भलतीकडे. मासे चाऱ्यामागे जातात आणि आपण रिकाम्या जागेवर तंगूस ताणून बसतो.

ही अडचण प्रत्येक वाहत्या पाण्यावर येते. आपल्याकडे पेंडीचा किंवा कणकेचा घट्ट गोळा करून त्यातच गळ खोचतात, ते याचसाठी. इंग्लंडमध्ये नदीतला मासा धरायचा, वजन करायचं आणि परत सोडून द्यायचा हा मोठा छंद आहे. तिथे गेल्या काही दशकांत यावर दुसरा एक उपाय रुजला, तो म्हणजे पाण्यात विरघळणारी पिशवी. नॉटिंगहॅमपासून न्यूअर्कपर्यंत ट्रेंट नदीच्या काठाने चालत गेलात, तर बहुतेकांच्या सामानात ही पिशवी किंवा तिची जाळी दिसेल. तिथले लोक तिला नुसतं पीव्हीए म्हणतात. या नदीवर नव्याने गळ टाकणारी आपली माणसं मला तिच्याबद्दल बरंच काही विचारतात. हे प्लॅस्टिकच आहे ना, मग विरघळतं कसं? थंडीत का विरघळत नाही? मक्याचे दाणे भरले की हातातच का फुटतं? या सगळ्यांची उत्तरं एकाच जागी आहेत, त्या पदार्थाच्या स्वभावात. तो स्वभाव कळला की दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही.

पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. हर्मन आणि हेनेल या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1924 मध्ये ते पहिल्यांदा तयार केलं. त्याची तऱ्हा थोडी उलटी आहे. प्लॅस्टिक बनवताना साधारणपणे छोटे रेणू घेऊन त्यांची साखळी गुंफतात. पण इथे जो छोटा रेणू हवा, तो व्हिनाइल अल्कोहोल, टिकतच नाही. तयार होताच रूप बदलून दुसराच पदार्थ होतो. म्हणून आधी पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटची साखळी करतात (आपल्या घरातला पांढरा गोंद, फेविकॉलच्या जातीचा, तो हाच) आणि मग त्या साखळीवरचे अ‍ॅसिटेटचे गट रासायनिक क्रियेने काढून त्या जागी पाण्याशी सलगी करणारे गट आणतात. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या लोकांना हा पदार्थ अनोळखी नाही. पॉवरलूमवर ताणा चढवण्याआधी सुताला जे सायझिंग करतात, म्हणजे खळ देतात, त्यात स्टार्चबरोबर पीव्हीए वापरतात. सुताला घट्ट धरून ठेवायचं आणि काम झालं की धुऊन निघून जायचं, हे काम ते तिथेही करतं.

आता खरी मेख. साखळीवरचे किती अ‍ॅसिटेट गट काढले, यावर सगळं अवलंबून आहे. सुमारे 98-99 टक्के काढले, तर साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून रचल्या जातात की गार पाणी आत शिरूच शकत नाही. ते पीव्हीए विरघळवायला गरम पाणी लागतं. तेच 87-89 टक्क्यांवर थांबलं, तर मधेमधे राहिलेले अ‍ॅसिटेट गट साखळ्यांना नीट जुळू देत नाहीत. फटी राहतात. त्या फटींतून गार पाणी आत जातं, साखळ्यांना एकेक करून सोडवतं आणि पिशवी पाण्यात मिसळून जाते. मासे धरायच्या पिशव्या या दुसऱ्या जातीच्या असतात. वरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच पारदर्शक, सारख्याच मऊ. म्हणून स्वस्तात मिळाली अशी कुठलीही 'विरघळणारी' पिशवी आणून गळाला लावू नये. इस्पितळांत दूषित कपडे ज्या पिशवीसकट धुवायला टाकतात, तीही पीव्हीएचीच असते, पण त्यातल्या बऱ्याच गरम पाण्यात विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. नदीच्या तळाशी तसली पिशवी तशीच पडून राहील.

विरघळणं एकदम होत नाही, हेही नीट लक्षात घ्यायला हवं. बाभळीचा डिंक पाण्यात टाकला की आधी फुगतो, मग बुळबुळीत होतो आणि शेवटी पाणी होतो. पीव्हीएचं अगदी तसंच आहे. मधली बुळबुळीत अवस्था ही गरवणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. उन्हाळ्यात ट्रेंटचं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं, तेव्हा ही अवस्था पटकन सरते. जानेवारीत पाणी चार-पाच अंशांवर येतं आणि तीच पिशवी रेंगाळते. जाड फिल्मची असेल तर तिचा चिकट लगदा गळाच्या टोकाभोवती आणि आमिषावर बसून राहतो. मासा आला, त्याने तोंड लावलं, तरी टोक झाकलेलंच. हिवाळ्यात पातळ जाळी आणि छोटा गोळा वापरायचा, तो यासाठी.

किती वेळ लागेल हे पाकिटावर लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नका. काचेची रिकामी बरणी सोबत ठेवा. काठावर पोचल्यावर नदीचंच पाणी तिच्यात भरा, भरलेली एक पिशवी त्यात सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. पहिल्यांदा जाळीची वीण आकसल्यासारखी दिसते. मग धागे एकमेकांत मिसळून पारदर्शक होतात, आतून हवेचे बारीक बुडबुडे निघायला लागतात. मग गोळ्याची एक बाजू ढासळते आणि दाणे बरणीच्या तळाशी पसरतात. धाग्यांचा पांढुरका तंतू पाण्यात थोडा वेळ तरंगत राहतो, तोही विरतो. त्या दिवसाच्या पाण्याला किती वेळ लागतो ते असं डोळ्यांनी दिसतं. एवढं मात्र ध्यानात ठेवा की बरणीतलं पाणी स्थिर असतं. नदीत धार पिशवीभोवतीचं विरघळलेलं पाणी सतत धुऊन नेते आणि ताजं पाणी आणते, त्यामुळे तिथे काम बरणीपेक्षा लवकर होतं.

प्रकारांबद्दल फार सांगत नाही. फिल्मची बंद पिशवी, विणलेली जाळीदार नळी, दोरा आणि पट्टी, असे चार प्रकार मिळतात. दोऱ्यात आमिषाचे गोळे ओवून माळ करतात. नदीसाठी माझं मत स्पष्ट आहे: जाळी घ्या. बंद पिशवी तळ्यासाठी उत्तम, पण वाहत्या पाण्यात तिचे दोन तोटे होतात. तिच्या सपाट अंगावर धार आदळते आणि ती शिशासकट खाली ढकलली जाते. शिवाय तिच्यात हवा कोंडते. हवा असली की पिशवी तरंगू पाहते, गळाला वर उचलते, आणि तळाशी जायच्या आधीच भलतीकडे फुटते. ती वापरायचीच असेल तर सुईने चार-सहा भोकं पाडून हवा काढून टाका. जाळीत हवा थांबतच नाही आणि पाणी सगळीकडून एकदम आत शिरतं.

जाळी भरताना हात कोरडे हवेत. हे सांगायला सोपं आहे, पण नदीकाठी, पावसात, माशाच्या खवल्यांनी ओले झालेले हात घेऊन करायला अवघड. खिशात एक सुका फडका फक्त याच कामासाठी ठेवावा. जाळी प्लॅस्टिकच्या नळीवर चढवलेली मिळते. खालच्या टोकाला गाठ मारायची, वरून नळीत दोन-चार मिलिमीटरच्या पेलेट, म्हणजे चाऱ्याचे दाबून केलेले सुके दाणे, दोन-तीन चिमट्या टाकायच्या, दट्ट्याने हळू दाबायचं, आणि नळीतून बाहेर आलेल्या जाळीला पीळ देत जायचं. पीळ बसेल तसे दाणे एकमेकांत घट्ट बसतात. पुन्हा गाठ, आणि दोन गाठींच्या मधून कात्री. गोळा अक्रोडाएवढा झाला की पुरे. सैल भरलेली पिशवी फेकताना हवेतच फाटते आणि घट्ट पिळलेली तळापर्यंत शाबूत जाते, त्यामुळे सगळी मेहनत या पिळात आहे. तयार गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नदीकाठच्या पहाटेच्या दमट हवेनेही ते चिकट होतात.

मग गळाचं टोक गोळ्याच्या जाळीत हलकेच अडकवायचं. यातून एक जादा फायदा मिळतो. बार्बेल या नदीतल्या माशासाठी शिशापासून गळापर्यंतचा धागा लांब ठेवतात, कधी मीटरभरही, आणि असा लांब धागा फेकताना मुख्य तंगुसाला गुंडाळला जातो. टोकाला गोळ्याचं वजन असलं की तो सरळ सुटतो. शिवाय टोक झाकलेलं असल्याने खाली जाताना वाटेतलं शेवाळ, पानं, काटक्या गळाला लागत नाहीत. ऑक्टोबरनंतर झाडांची पानं नदीभर वाहत असतात, तेव्हा मला तरी या गोष्टीचं मोल चाऱ्याइतकंच वाटतं.

ओल्या आमिषाचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. मक्याचे दाणे, शिजवलेलं हेम्प म्हणजे भांगेचं बी, अळ्या, हे सगळं ओलं. पिशवीत भरलं की पिशवी आतूनच विरघळायला लागते. तेल चालतं, कारण पीव्हीएचं तेलाशी काही नातं नाही. माशाचं तेल किंवा हेम्पचं तेल पेलेटला चोळून बिनधास्त भरा. पण ओल्या दाण्यांनाही एक तोड आहे, ती म्हणजे मीठ. दाणे चाळणीत नीट निथळून त्यांना भरपूर मीठ चोळून ठेवलं की त्यांच्या अंगावरचं पाणी तीव्र खारं होतं. त्या पाण्यातले रेणू मिठाच्या आयनांभोवती गोळा होऊन अडकून पडतात आणि पीव्हीएच्या साखळ्या सोडवायला मोकळं पाणी फारसं उरत नाही. पिशवी बराच वेळ टिकते. नदीत पडली की गोडं पाणी ते मीठ धुऊन नेतं आणि पिशवी नेहमीसारखी विरघळते. मला हा सगळा प्रकार फार आवडतो, कारण स्वयंपाकघरातल्या मिठाने रसायनशास्त्राचं एक अख्खं प्रकरण हातात येतं.

आता नदीच्या तळाशी काय घडतं ते पाहू, कारण पिशवीची खरी कसोटी तिथे लागते. ट्रेंट, सेव्हर्न, वाय, केनेट या नद्यांवर ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप चालतो, तो बार्बेल. लांबट, जोरकस, तोंड खालच्या बाजूला, आणि तोंडाशी चार मिशा. या मिशांनी तो रेती-गोट्यांमध्ये चाचपून चव घेतो. आपल्याला तो अगदीच परका नाही. दख्खनचा महाशीर, म्हणजे आपला खडस, त्याच कुळातला. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून या खडसाची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्यांनी त्याला बार्बेलच्याच प्रजातीत, 'बार्बस'मध्ये बसवलं होतं. पुढे तो 'टॉर' या वेगळ्या प्रजातीत गेला. वेगवान पाणी, खडकाळ तळ आणि धारेच्या विरुद्ध तोंड करून थांबण्याची सवय दोघांची सारखी.

धारेविरुद्ध थांबण्याची ही सवयच पिशवीला उपयोगी पडते. नदीत वरच्या थरापेक्षा तळाशी पाणी बरंच मंद असतं, कारण गोट्यांना घासून त्याचा वेग मोडतो. मासे त्या मंद थरात असतात. पिशवी तळाशी पोचून फुटली की बारीक दाण्यांचा ढीग गळाशेजारी बसतो आणि त्यातले काही दाणे, तेल आणि वास धारेबरोबर खाली सरकत जातात. खाली कुठेतरी थांबलेल्या बार्बेलला तो माग लागतो. तो माग धरून वर वर येतो, एकेक दाणा टिपत, आणि मागाच्या मुळाशी गळावरचं मोठं आमिष असतं. गळ मागाच्या वरच्या टोकाला असणं, एवढ्यासाठीच पिशवी हवी. हाताने फेकलेल्या चाऱ्यात हा माग गळाच्या दहा मीटर खाली सुरू होतो, आणि मासा गळापर्यंत येण्याचं काही कारणच उरत नाही.

यावरून पुढच्या गोष्टी आपोआप ठरतात. धार जोराची असेल तर फार बारीक दाणे क्षणात निघून जातात, तेव्हा थोडे मोठे दाणे मिसळा. एकाच जागी पुन्हा पुन्हा फेकता आलं नाही तर प्रत्येक पिशवी नवा माग काढते आणि मासे विखुरतात, म्हणून पलीकडच्या काठावरचं झाड किंवा खांब हेरून तंगूस रिळावर क्लिपमध्ये अडकवून ठेवा. आणि शिसं असं बांधा की तंगूस तुटलं तर माशामागे ते ओढलं जाणार नाही, सुटून पडेल. यात तडजोड नको.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर पुराच्या पाण्यात किंवा अतिशय वेगवान धारेत फीडर बरा. फीडर म्हणजे शिसं लावलेला छोटा जाळीदार डबा. त्यात चारा भरून गळाबरोबर टाकतात आणि तो हळूहळू बाहेर पडतो. ओला चारा, अळ्या, सगळं त्यात चालतं, विरघळण्याची भानगड नाही, आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. मध्यम धार, तळाशी शेवाळ किंवा पालापाचोळा, आणि लांब धागा, अशी परिस्थिती असेल तेव्हा पिशवीला तोड नाही. बाकी वेळी ती सवयीने वापरली जाते, आणि ते मला पटत नाही.

न पटण्याचं कारण असं. पिशवी दिसेनाशी झाली म्हणजे संपली, असं नव्हे. साखळ्या पाण्यात सुट्या झाल्या, पण साखळ्या आहेतच. त्या तोडून खाणारे जिवाणू निसर्गात आहेत, सांडपाण्याच्या प्रकल्पांत तर त्यांची या अन्नाला सवय झालेली असते. पण थंड नदीच्या पाण्यात ते काम किती जोमाने होईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कपडे धुण्याच्या पॉडवरचं, म्हणजे साबणाच्या छोट्या पुडीवरचं, वेष्टणही पीव्हीएचंच. त्यावरून 2022 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे याचिका गेली, 2023 मध्ये ती फेटाळली गेली, आणि वाद काही मिटला नाही. पॉडचं पाणी निदान गटारातून प्रकल्पात जातं. आपली पिशवी थेट नदीत जाते. एका जाळीच्या गोळ्यात ग्रॅमभरही पीव्हीए नसेल, हे खरं आहे. पण काठावर माणसं पुष्कळ असतात आणि प्रत्येकजण दिवसभरात किती गोळे टाकतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गरवणाऱ्यांच्या छोट्या छोट्या वस्तूंनी नदीचं किती नुकसान होतं, हे इंग्लंडने आधी पाहिलेलं आहे. तळाशी पडलेली बारीक शिसं हंस खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. 1987 पासून साधारण 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशावर बंदी आली. त्याहून मोठी शिसं आजही चालतात.

म्हणून माझा नियम सोपा आहे. छोटा गोळा, पातळ जाळी, आणि जिथे फीडरने भागतं तिथे फीडर. कापलेल्या जाळीचे तुकडे, चिकट झालेले गोळे, उरलेलं टोक, हे 'विरघळेलच' म्हणून नदीत टाकायचं नाही. सुक्या डब्यात घालून घरी आणायचं. नवीन माणसाने आणखी दोन गोष्टी आधीच पाहून घ्याव्यात. इंग्लंडमध्ये तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रॉडचा, म्हणजे गळाच्या काठीचा, परवाना लागतो. तो शासनाच्या पर्यावरण संस्थेकडून मिळतो, आणि नसेल तर दंड मोठा होतो. दुसरं, नद्यांवर 15 मार्च ते 15 जून मासे धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ. शिवाय नदीचा तो पट्टा ज्या क्लबकडे असेल, त्याचे आमिषाबद्दलचे नियम वेगळे असू शकतात. ते फलकावर लिहिलेले असतात, वाचून घ्यावेत.

आणि पिशवीने काम केलं, बार्बेल लागला, तर पुढचं काम हाताचं. हा मासा ताकद संपेपर्यंत झुंजतो, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने त्याला सावरायला वेळ लागतो. जाळ्यात आल्यावर त्याला आधी पाण्यातच विसावू द्या. गळ काढायचा, फोटो काढायचा तर ओल्या मऊ चटईवर आणि झटपट. सोडताना दोन्ही हातांनी सरळ धरा, तोंड धारेकडे करा. कल्ले नीट चालायला लागून तो स्वतःच्या जोराने हातातून निसटेपर्यंत धरून ठेवा, मग त्यात दहा मिनिटं गेली तरी चालेल. पाणी वीस-एकवीस अंशांच्या वर गेलं की कित्येक अनुभवी माणसं बार्बेलसाठी गळ टाकणंच थांबवतात. तेव्हा पिशव्यांचा डबा बंद ठेवावा आणि दुसऱ्या माशांकडे वळावं.